पिकअपच्या डायनामोवरून ४८ व्होल्टची बँक चार्ज करायची आहे, कोणी केलंय का?

फिरता_मिस्तरी (यावल)

राम राम मंडळी.

यावल-रावेर पट्ट्यात शेतीपंप, स्टार्टर आणि पॅनल दुरुस्तीचं काम करतो. पूर्वी शेतकरी मोटार काढून दुकानात आणायचा. आता पिकअपवर सामान बांधून मीच शेतात जातो. मे महिन्यात केळीला दोन पाळ्या पाणी चुकलं तर बागेची काय दशा होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. अडचण अशी की मोटार बंद पडलेल्या शेतात मी जातो तेव्हा बहुतेक वेळा लाइट नसते. थ्री फेजची पाळी रात्रीची आणि माझं काम दिवसाचं.

म्हणून गाडीत ४८ व्होल्टची लिथियम बँक बसवली आहे. १६ सेलची, १०० एएच, म्हणजे साधारण पाच युनिट. तिच्यावर ३ केव्हीएचा इन्व्हर्टर. ग्राइंडर, ड्रिल, ब्लोअर, छोटं वेल्डिंग, सगळं चालतं. रात्री घरी चार्ज करून निघतो, पण पालकडच्या पट्ट्यात दोन-तीन कामं लागली की दुपारनंतर बँक तळाला जाते आणि शेवटच्या शेतकऱ्याला "उद्या येतो" सांगून परत फिरावं लागतं. ते मला नको आहे.

गाडी मात्र रोज दीड-दोन तास रस्त्यावर असते. इंजिन फिरतंच आहे, मग त्यातून बँकेत काही भरता येईल का? गाडी २०१७ ची, बीएस-४, १२ व्होल्टचा ९० अँपिअर डायनामो.

लोकांनी चार रस्ते सांगितले. एक, बाजारातला १२ चा ४८ करणारा डीसी-डीसी चार्जर. दोन, डायनामोचा कटआउट (व्होल्टेज अडवणारा रेग्युलेटर) काढून फील्ड (आतल्या रोटरची कॉइल) सरळ बॅटरीला जोडायची, "आपोआप ५० च्या वर जातो" म्हणे. तीन, स्टेटर रिवाइंड करायचा. चार, १२ च्या चार बॅटऱ्या ठेवून चार्जिंगला पॅरलल आणि वापराला सिरीज करणारा चेंजओव्हर. माझं काम मोटारींचं, त्यामुळे वाइंडिंग कळतं, पण गाडीच्या इलेक्ट्रिकमध्ये मी नवा आहे. ज्यांनी हातानं केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

बॅटरीघर_जळगाव

चौथा रस्ता पहिल्यांदा खोडून टाका. ई-रिक्षाच्या चार-चार बॅटऱ्यांचे संच रोज माझ्या हाताखालून जातात. सिरीज-पॅरलल करणाऱ्या कॉन्टॅक्टरपैकी एकाचा पॉइंट चिकटला आणि बाकीचे पलटले, की त्याच क्षणी बॅटरीच्या दोन टोकांत डेड शॉर्ट. शिवाय तुमचा पॅक १६ सेलचा आणि एका बीएमएसचा (सेलवर लक्ष ठेवून वेळ पडली तर पॅक तोडणारं सर्किट), तो मधून तोडता येतच नाही.

आणखी एक. "नुसती एक बॅटरी १२ वर भरून घेऊ, मग दुसरी" असंही कोणी सांगेल. सिरीजमधली एक जास्त भरली आणि एक उपाशी राहिली की संपूर्ण संच त्या उपाशीच्या लायकीचा होतो. माझ्याकडे बदलायला येणाऱ्या निम्म्या संचांचं दुखणं हेच असतं.

रिवाइंडिंग_भुसावळ

भाऊ, प्रश्न चांगला विचारला आहे, म्हणून जरा मुळापासून लिहितो.

डायनामोवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, ते मशीनचं बंधन नव्हे. १२ वर त्याला कटआउट धरून ठेवतो. आत तीन फेजचं वाइंडिंग आहे आणि मधोमध नखांचा रोटर फिरतो, ज्याच्या कॉइलला दोन कार्बनमधून तीन-चार अँपिअर करंट मिळतो. किती व्होल्ट निघणार हे दोनच गोष्टींवर ठरतं: रोटर किती वेगानं फिरतो आणि त्याच्या कॉइलमध्ये करंट किती. जुन्या सायकलच्या दिव्याला आपण जोरात पेडल मारून प्रखर करायचो, त्यातला अर्धा भाग इथेही तसाच. कटआउट काय करतो, तर वेग वाढला की फील्ड कमी करतो आणि व्होल्टेज १४ च्या आसपास अडवतो.

आता फील्ड पूर्ण ठेवली तर साधारण १२ व्होल्टचा डायनामो १२०० आरपीएमच्या आसपास १४ व्होल्टला पोचतो. ५६ व्होल्ट हवे तर चौपट वेग, म्हणजे पाच हजाराच्या जरा खाली. क्रँकची पुली १५० मिलिमीटरची आणि डायनामोची ६० ची असेल तर गुणोत्तर अडीच. म्हणजे इंजिन १९००-२००० वर गेल्याशिवाय एक अँपिअरसुद्धा बँकेत जाणार नाही. रस्त्यावर चालेल. शेतात गाडी उभी करून आयडलवर ठेवली तर शून्य.

मी हे दुकानात टेबलावर लावून पाहिलं आहे. १४४० ची ३ एचपी मोटार, ८ इंची पुली, डायनामोला अडीच इंची. म्हणजे डायनामो ४६०० च्या आसपास. फील्डला वेगळ्या बॅटरीचे १२ व्होल्ट. बिनलोड मीटरवर ५७ च्या आसपास दाखवले. लोड टाकला की बसतो, ते साहजिक आहे, पण मशीन तेच, तार तीच.

यातली खरी मजा करंटची आहे. स्टेटरची तार जेवढा करंट सोसते तेवढाच ती सोसणार, १४ व्होल्टला आणि ५६ लाही. म्हणजे ५० अँपिअर १४ ला ७०० वॉट, आणि तेवढ्याच तारेतून ४० अँपिअर ५६ ला सव्वादोन किलोवॉट. तांबं तेवढंच तापतं आणि पॉवर तिप्पट. एसीचा डीसी करणाऱ्या डायोडचंही तसंच. कुठल्याही वेळी दोन डायोड सिरीजमध्ये, मिळून दोन व्होल्ट खातात. १४ मधून दोन गेले तर सातवा हिस्सा गेला. ५६ मधून दोन गेले तर कळतही नाही.

पण तुम्हाला सांगितलेला "कटआउट काढा, फील्ड सरळ जोडा" हा प्रकार करू नका. का, ते हायवेवाले भाऊ नीट सांगतील, त्यांच्याकडे असे जळालेले डायनामो येतात.

हायवे_इलेक्ट्रिक (धुळे)

नानांनी बोलावलं म्हणून लिहितो. आमचं दुकान मुंबई-आग्रा रोडला, ट्रकची कामं जास्त.

पहिलं, डायोड प्लेट. आजच्या डायनामोतले डायोड अ‍ॅव्हलांश जातीचे असतात. १२ व्होल्टच्या गाडीतले २० ते ३० व्होल्टच्या दरम्यान उलटे वाहायला लागतात, २४ च्या ट्रकमधले चाळीसच्या आसपास. हे मुद्दाम तसं केलेलं असतं, गाडीतल्या बाकी इलेक्ट्रॉनिक्सला वाचवायला. तुम्ही त्याच प्लेटमधून ५६ काढायला गेलात तर डायोड तो जास्तीचा व्होल्टेज स्वतःच्या अंगावर घेतात आणि काही मिनिटांत शॉर्ट होतात. तेव्हा प्लेट काढायची, स्टेटरच्या तीन तारा बाहेर आणायच्या आणि बाहेर वेगळा ब्रिज (डायोडचा संच) लावायचा. वेल्डिंग मशीनवाले वापरतात ते तीन फेजचं १०० अँपिअर १६०० व्होल्टचं मॉड्यूल चालतं. चांगल्या जाड हीट सिंकवर, पेस्ट लावून, रेडिएटरच्या गरम हवेपासून लांब. २० अँपिअरला त्यातून ४० वॉटच्या आसपास उष्णता निघते.

ब्रिज बाहेर नेल्याचा दुसरा फायदा: स्टेटर बॉडीपासून अलग असतो, त्यामुळे ४८ चा निगेटिव्ह चासीला न जोडता वेगळा ठेवता येतो. १२ आणि ४८ चे निगेटिव्ह चासीतून एकत्र फिरायला लागले की दोष शोधता शोधता जीव जातो.

दुसरं, गाडीचा मूळ डायनामो. त्याला हात लावू नका. १२ ची बॅटरी, हेडलाइट, इंजिनाचा कंट्रोल त्याच्यावर आहे. दुसरा डायनामो वेगळ्या ब्रॅकेटवर बसवा आणि तोच ४८ ला द्या.

तिसरं. जळालेला स्टेटर माझ्या हातात आला की मी आधी रंग बघतो. तीनपैकी एकाच फेजच्या कॉइली काळ्या आणि बाकी दोन तांबूस असतील तर डायोड शॉर्ट झाला होता. तिन्ही एकसारख्या काळ्या, वार्निश करपून पापुद्रे सुटलेले, तर झेपत नसताना लोड ओढला होता. मागच्या उन्हाळ्यात एका फिरत्या दुकानाच्या गाडीचा आला, तिन्ही फेज कोळसा. मागची जाळी उघडली तर आत कापसाची रुई तेलात भिजून नमदा झालेली. हवा जायला जागाच नव्हती. आपल्याकडे दिवाळीनंतर जिनिंगच्या रस्त्यांवर हे होतंच. वर लिथियम बँक, जी मागेल तेवढं घेत राहते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की आपणहून करंट कमी घेते, लिथियम शेवटपर्यंत ओढते.

केळीबाग

मी शेतकरी आहे, रावेरजवळ. ट्रॅक्टरवर असं करता येईल का? फवारणीच्या पंपाची ४८ ची बॅटरी आहे, शेतातच भरता आली तर एक चक्कर वाचेल.

हायवे_इलेक्ट्रिक (धुळे)

@केळीबाग, काका, ट्रॅक्टरचा मूळ डायनामो लहान असतो, ३५-४० अँपिअरचा, आणि इंजिन दोन हजारांच्या आसपासच फिरतं. तुमच्या कामाला डीसी-डीसी चार्जरच घ्या. अडीचशे-तीनशे वॉटचा पुरे.

वर्षा_पॉवर

मी मूळची शहाद्याची, चाकणला गाड्यांच्या इलेक्ट्रिकल सिस्टीमवर काम करते. नाना आणि दादांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे. त्यात काही गोष्टी जोडते, कारण माझ्या मते खरा धोका अजून धाग्यात आलेला नाही.

धोका बीएमएसचा आहे. समजा रस्त्यावर २० अँपिअर चालू आहेत आणि एक सेल ३.६५ च्या वर गेला. बीएमएस क्षणात बँक तोडतो, त्याचं कामच ते. पण डायनामोला हे माहीत नसतं. रोटरमधलं चुंबकत्व एकदम मरत नाही, फील्ड बंद केली तरी उतरायला सेकंदाचा काही दशांश भाग लागतो. तेवढ्या वेळात घ्यायला कोणी नसलेला करंट व्होल्टेजच्या रूपानं उसळतो. याला लोड डंप म्हणतात. १२ व्होल्टच्या गाडीतच हा झटका संरक्षण नसेल तर ८० ते १०० व्होल्टपर्यंत जातो आणि ४०० मिलिसेकंदांपर्यंत टिकू शकतो. तुमच्या ४८ च्या लाइनवर इन्व्हर्टरचे मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहेत. ते साधारणपणे शंभरच्या आसपासचे असतात. आधी ते जातील.

त्यामुळे क्रम लक्षात ठेवा: आधी फील्ड तुटली पाहिजे, मग बँक. बीएमएसला अलार्मचा ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतःचा व्होल्टेज नसलेला नुसता स्विच) असेल तर तो फील्डच्या रिलेमध्ये घ्या. चार्जिंगचा व्होल्टेज ५५.२ ला अडवा, म्हणजे सेलमागे ३.४५. पूर्ण ५८.४ पर्यंत नेण्याची गरजच नाही, बँक जवळजवळ भरते आणि बीएमएसला तोडायची वेळ येत नाही.

आणि वरून एक आधार: १२ व्होल्ट ७ एएचच्या चार छोट्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, बीएमएसच्या अलीकडे, डायनामोच्या बाजूला, स्वतःच्या फ्यूजसह कायम जोडून ठेवा. ५५.२ ला चारने भागा, १३.८ येतात. तो त्यांचा नेमका फ्लोट व्होल्टेज. म्हणजे त्या शांत भरलेल्या राहतात आणि बीएमएसने तोडलं तरी करंटला जायला जागा असते.

वरच्या मर्यादेबद्दल: वाहनांच्या सुरक्षा नियमांत डीसी ६० व्होल्टच्या वर गेलं की तो हाय व्होल्टेज धरतात. कंपन्यांनी माइल्ड हायब्रिडसाठी ४८ निवडला तो त्याच कारणानं, चार्जिंगलाही साठच्या आत राहता येतं. तुमची १६ सेलची बँक जेमतेम आत आहे. बिनलोड, पूर्ण फील्डवर सुटलेला डायनामो मात्र शंभरी सहज ओलांडतो, आणि ५६ साठी जादा वेढे घालून रिवाइंड केलेला तर त्याच्याही कितीतरी वर. चालू इंजिनावर बँकेची तार सोडवायची नाही, हे मदतनीसालाही शिकवून ठेवा.

बीएस-६ गाडी असती, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर मी वेगळं सांगितलं असतं. त्यातल्या बऱ्याच डायनामोंना व्होल्टेजचा हुकूम इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून येतो. तिथे डीसी-डीसी सोडून काहीच करू नये.

फिरता_मिस्तरी (यावल)

ताई, नाना, दादा, बठ्ठं पटनं. म्हणजे दुसरा डायनामो, बाहेरचा ब्रिज, आणि फील्डवर ताबा. आता प्रश्न असा: दुसरा कुठला घेऊ? भंगारात ट्रकचे २४ व्होल्टचे मिळतात. की १२ चाच घेऊन स्टेटर रिवाइंड करू? वाइंडिंग मी स्वतः भरेन.

रिवाइंडिंग_भुसावळ

भाऊ, तुम्ही वाइंडिंगवाले, हाताला खाज येणार हे मला माहीत आहे, तरी आधी २४ चा बघा.

२४ व्होल्टचा डायनामो ११००-१२०० आरपीएमला २८ व्होल्ट देतो. ५६ ला दुप्पट वेग, म्हणजे तेवीसशे-चोवीसशे. अडीचच्या गुणोत्तरानं इंजिन हजारला आलं की तो हात द्यायला लागला. स्टेटरला हात न लावता निम्मं काम झालं.

रिवाइंडच करायचं तर हिशेब सोपा आहे. १२ चा ४८ करायला वेढे चौपट, तारेचं क्षेत्रफळ चौथा हिस्सा, म्हणजे तारेचा व्यास निम्मा. बहुतेक स्टेटर ३६ स्लॉट आणि १२ पोलचे, एका पोलला एका फेजचा एकच स्लॉट, भरायला मोटारीपेक्षा सोपे. मात्र पंपाच्या मोटारीची उरलेली तार वापरू नका. १८० अंशांची एच क्लासची तार आणि तसाच स्लॉट कागद घ्या, वार्निश भट्टीत नीट भाजा. बोनेटखालची हवाच सत्तर-ऐंशी अंश असते. आणि एखादा स्टेटर डेल्टामध्ये जोडलेला दिसला तर आधी त्याच तारा स्टारमध्ये करून बघा, १.७३ पट व्होल्टेज फुकटात वाढतो.

२४ च्या डायनामोत एक मेख आहे. त्याची फील्ड २४ ची असते. तिला १२ दिले तर करंट निम्मा, जोर कमी. आणि सरळ ४८ च्या बँकेतून दिले तर दुप्पट व्होल्टेज म्हणजे चौपट उष्णता, रोटरची कॉइल करपते.

वर्षा_पॉवर

नानांच्या शेवटच्या मुद्द्याला उपाय: गाडीच्या १२ वरून २४ करणारा छोटा स्टेप-अप, ५ अँपिअरचा, आणि फील्ड त्याच्यातून. यात माझ्या दृष्टीनं सुरक्षेचा मोठा भाग आहे. समजा रेग्युलेटरचा मॉसफेट शॉर्ट झाला. तरी फील्डला २४ च्या वर काही मिळणारच नाही. ४८ वरून फील्ड घेतली असती तर त्याच बिघाडात रोटर जळाला असता आणि त्याआधी बँकेवर बेफाम व्होल्टेज गेला असता.

स्टेप-अपचं इनपुट इग्निशनच्या तारेवर रिलेतून घ्या. इंजिन बंद, फील्ड बंद. मध्ये पाच अँपिअरचा फ्यूज. रेग्युलेटर बँकेच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज वाचेल असा जोडा, ब्रिजवरचा नको, कारण तारेत पडणारा व्होल्टेज मग हिशेबात येतो. फील्डला उलटा डायोड विसरू नका, नाहीतर पहिल्या दिवशीच मॉसफेट जाईल.

आणि काही डायनामोंत एक कार्बन आतूनच बॉडीला किंवा पॉझिटिव्हला जोडलेला असतो. दोन्ही कार्बन मोकळे करून दोन तारा बाहेर काढा.

धडगाव_पाडा

मी सातपुड्यात आरोग्याच्या कामात आहे. आमच्याकडे पाड्यांवर शिबिरं होतात, रस्ता संपतो तिथे जीप उभी असते. लाइट असली तर असली. जीप चालू ठेवून त्यावर लॅपटॉप, प्रिंटर, नेब्युलायझर, लसीच्या पेटीजवळ पंखा असं चालवतो. वरची चर्चा वाचून विचारतो, अशी उभी जीप चालू ठेवून बँक भरणं कितपत परवडतं?

रिवाइंडिंग_भुसावळ

परवडत नाही. डायनामोतून बँकेत एक युनिट जायला इंजिनाच्या शाफ्टवरून दीडपट ते दुप्पट शक्ती लागते, कारण निम्म्याच्या आसपास उष्णता होऊन जाते. गाडी रस्त्यावर चालतच असेल तर वरखर्च सुमारे अर्धा लिटर डिझेल प्रत्येक युनिटला. उभ्या गाडीत तर इंजिन स्वतःला फिरवायलाच डिझेल पितं, त्याचा भार सगळा त्या एका युनिटवर. आणि आयडलला डायनामोचा पंखा हळू फिरतो, म्हणजे तापण्याला सगळ्यात वाईट वेळ तीच.

तुम्हाला सौर पॅनल बघा. टपावर साडेपाचशे वॉटचं एक बसतं. आपल्याकडच्या उन्हात दिवसाला दोन-अडीच युनिट मिळतात, पावसाळा सोडून. तुमच्या सामानाला पुष्कळ झालं.

धडगाव_पाडा

नाना, आभार. टपावर रुग्णाची खाट बांधावी लागते कधीकधी, पण घडीचं पॅनल खाली उन्हात मांडता येईल. तसंच बघतो.

बॅटरीघर_जळगाव

मिस्तरी, उष्णतेबद्दल अजून सांगायचं आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. बंद पत्र्याच्या बॉडीत तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असते. बऱ्याच लिथियम फॉस्फेट सेलना चार्जिंगची मर्यादा ५५ अंशांची दिलेली असते, काहींना त्याहून कमी. पॅकला बीएमएसचा सेन्सर चिकटवलेला आहे का, आणि तो कुठे आहे, ते उघडून बघा. पत्र्याला चिकटून ठेवलेला पॅक मी लाकडी फळीवर घेतो आणि चारी बाजूंनी दोन बोटं मोकळी ठेवतो. ताईंनी सुचवलेल्या छोट्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या त्याच पेटीत ठेवू नका. साधारण दर १० अंशांना त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, शिवाय त्या वायू सोडतात.

दुसरं म्हणजे फ्यूज आणि स्विच. गाडीचे पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टपर्यंतचे असतात. ४८ वर ते वितळतात, पण ठिणगी विझत नाही, आत कमान धरून जळत राहते. गाडीचा रिलेही तसाच. सोलरवाले वापरतात ती डीसी एमसीबी घ्या, तिच्यावर प्लस-मायनस लिहिलेलं असेल तर तसंच जोडा, आणि बँकेच्या तोंडाशी डीसीचा योग्य फ्यूज.

केळीबाग

एवढं सगळं करण्यापेक्षा मिस्तरींनीही डीसी-डीसीच का घेऊ नये? खर्च कमी, धोका कमी.

हायवे_इलेक्ट्रिक (धुळे)

काका, प्रश्न रास्त आहे. हिशेब करून बघू. त्यांचा मूळ डायनामो ९० अँपिअरचा, तो आकडा थंड असताना आणि पूर्ण वेगातला. गरम झाला की तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्क्यानं वाढतो. २५ वरून १२५ अंशांवर गेला की जवळजवळ चाळीस टक्के जास्त. म्हणजे मे महिन्यात प्रत्यक्षात साठ-पासष्ट धरा. हेडलाइट, ब्लोअर, इंजिनाचं सगळं जाऊन चाळीस सुरक्षित मिळाले. ४० गुणिले १४, साडेपाचशे वॉट. चार्जरची घट जाऊन बँकेत पाचशे, म्हणजे नऊ अँपिअर. दोन तास गाडी चालली तर एक युनिट.

वेगळा २४ चा डायनामो ५५ व्होल्टला २० अँपिअरवर अडवला तर अकराशे वॉट. दोन तासांत सव्वादोन युनिट. दुप्पट फरक आहे, आणि मूळ डायनामोवर काही भार नाही. ज्याला एक युनिट पुरतं त्यानं डीसी-डीसी घ्यावं, दुसरा विचार करू नये.

फिरता_मिस्तरी (यावल)

मला दोन युनिट हवीच आहेत, म्हणजे संध्याकाळचं शेवटचं काम निघेल. तेव्हा २४ चा डायनामो. २० का म्हणता दादा? ४५ चा असतो ना तो, ३५ का नको?

हायवे_इलेक्ट्रिक (धुळे)

पट्ट्यामुळे. ३५ अँपिअर ५५ ला म्हणजे एकोणीसशे वॉट, शाफ्टवर चार एचपीच्या आसपास. एक साधा व्ही-बेल्ट छोट्या पुलीवर तेवढं ओढताना घसरतो, घसरला की तापतो, तापला की चकाकी येऊन अजून घसरतो. ताण वाढवाल तर डायनामोचं पुढचं बेअरिंग आणि वॉटर पंपाचं बेअरिंग दोन्ही जातात. २० ला सव्वादोन-अडीच एचपी, एक पट्टा निवांत. शिवाय घाट चढताना इंजिनाला ती ताकद परत हवी असते, तेव्हा फील्ड तोडणारा एक स्विच डॅशबोर्डवर हाताशी ठेवा.

ब्रॅकेट इंजिन ब्लॉकलाच बसवा, चासीला नको. इंजिन रबरावर हलतं, चासी हलत नाही, पट्टा रोज मरेल.

वर्षा_पॉवर

कागदपत्रांचंही बघून घ्या मिस्तरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचा विषय येतो. इंजिनाला जादा ब्रॅकेट लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला विचारून ठेवलेलं बरं. उद्या शॉर्टनं काही झालं तर दावा तिथेच अडकतो.

फिरता_मिस्तरी (यावल)

विचारतो ताई. पुढच्या आठवड्यात धुळ्याला येऊन दादांकडे डायनामो निवडतो, मग भुसावळला नानांच्या टेबलावर लावून बघतो, त्यानंतरच गाडीवर. नाना, तुमची ३ एचपी मोटार २० अँपिअर ओढेल ना? आणि डायनामोला टेंपरेचरचा स्विच लावायचा आहे, तो नेमका कुठे?

रिवाइंडिंग_भुसावळ

ओढेल, काठावर आहे, पण ओढेल. आधी दहा अँपिअरवर अर्धा तास चालवू, हात लावून बघू, मग वीस.

सेन्सर बाहेरच्या बॉडीला लावू नका, बॉडी उशिरा तापते. प्लेट काढल्यावर मागच्या बाजूला जागा मोकळी होते. तिथून स्टेटरच्या कॉइलच्या टोकाशी, तारांच्या जुडग्यात, थर्मिस्टर दोऱ्यानं बांधून वर वार्निशचा थेंब द्या. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये तुम्ही थर्मल प्रोटेक्टर बसवता तसंच. ११०-१२० अंशांना फील्ड तुटेल असं ठेवा. येताना थर्मिस्टर दोन आणा, बांधताना एखाद्याची तार तुटते.

हायवे_इलेक्ट्रिक (धुळे)

मंगळवार सोडून कधीही या. येताना गाडीच्या क्रँक पुलीचा फोटो आणि खाचेची रुंदी मोजून आणा. खाच कुठली आहे त्यावर डायनामोची पुली लेथवर बनवायची की तयार मिळेल ते ठरेल. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत की नाही ते सरळ पट्टी लावून बघू, आणि पट्टा पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा ताणायचा.